घोट्याचं हाड

प्रयोगवहीत पाच रकाने असतात.
तस्लीम कुरेशीनं चार भरले,
'कृती'समोर नुसती आडवी रेघ ओढली
आणि वही माझ्या टेबलावर उलटी ठेवली.
"मॅडम, मिठाचा स्फटिक होताना आपण बघितलंय.
मासोळीचा बेडूक होताना कोण बघितलंय?
जे करून दाखवता येत नाही
ते प्रार्थनेत जमा, का प्रयोगात?"

निलंग्याच्या शाळेत दुपारी दोनला वीज जाते.
पंखा थांबला. मला उत्तर सुचलं नाही.
दहावीच्या पुस्तकात ते दोन ओळींत आहे.
दोन ओळींनी तिचं तोंड मिटलं असतं,
शंका नाही.

रविवारी मांजरेच्या पात्रात उतरलो.
मार्चातली नदी म्हणजे वाळूचा लांबच लांब वाफा,
मधून ट्रॅक्टरची चाकोरी.
वर गुंडाप्पा भालकेच्या दुकानात
बिलांच्या चळतीवर वजन म्हणून एक काळा दगड असतो.
दगड कसला, दात.
चावायच्या बाजूला तीन पाकळ्यांची झिजलेली नक्षी.
पाणघोड्याचा.
इथं,
जिथं टँकरसाठी घागरी
पहाटे चारपासून नंबर धरतात.

"मग आधी सांगा," तस्लीम म्हणाली,
"हा ज्या थरातून आला, तिथं अजून काय असंल?
खणायच्या आधी सांगा. नंतर सगळेच शहाणे."
मी म्हटलं, गोड्या पाण्यातले शिंपले.
आणि खोल खाली, काळ्या पाषाणाच्या दोन थरांमधल्या
लाल मातीत असला दात कधीच नाही.
निघाला तर मी खडू खाली ठेवीन.

दरड खरवडली. शिंपले निघाले,
नखाएवढे, चिमटीत भुगा होणारे.
मी हसले. ती हसली नाही.
"हे नदीचं झालं, मॅडम.
नदीला पाणी होतं, एवढंच.
नात्याचं बोला."

बरोबर होतं तिचं.

मंगळवारी तिनं दुकानातून
बकऱ्याच्या मागच्या पायाचं घोट्याचं हाड आणलं,
धुऊन, पेपरात गुंडाळून.
मागोमाग महेमूदभाई आले, मुलीनं काय काढलंय ते बघायला.
अंगठा फिरवत म्हणाले,
"इथं सुरी घातली की पाय सुटतो.
वर कप्पी, खाली कप्पी.
बकऱ्याला अशी, म्हशीला अशी.
घोड्याचं मला ठाऊक नाही."

घोड्याला एकच, मी म्हटलं.
मग सांगितलं, काही जण रक्ताचा हिशेब मांडून म्हणत होते,
देवमासा हा पाणघोड्याचा चुलतभाऊ.
हाडं वाचणारे म्हणत, छे.
पण हिशेब खरा असेल, तर
देवमाशाला पाय होते तेव्हाच्या घोट्यात
अशीच दुहेरी कप्पी हवी.
पाय कुणी बघितले नव्हते. अट आधी पडली.
पुढं बलुचिस्तानच्या खडकात घोटा सापडला,
छे म्हणणाऱ्यांतल्याच एकाला.
वर कप्पी, खाली कप्पी.
त्यानं आपलंच म्हणणं खोडलं.

तस्लीम ते हाड बराच वेळ उलटंसुलटं करत राहिली.
"आणि एकच कप्पी निघाली असती तर?"
तर हिशेबवाले हरले असते.
"तुम्ही पण?"
मीपण.

महेमूदभाई दारात थांबले होते.
त्यांना पटलं का, मी विचारलं नाही.
जाताना म्हणाले, हाड परत नको, वाण्याला द्या, वजनाला होईल.

वहीत आता 'कृती'समोर लिहिलंय,
'काय सापडेल ते आधी लिहिले. मग खणले.'
'अनुमान' मात्र तिनं पेन्सिलीनं लिहिलं
आणि विचारलं तर म्हणाली, राहू द्या.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी दोन गुण कापले.
शेरा होता, साहित्यात बकरा बसत नाही,
आणि अनुमान शाईने लिहावे.
तिनं ते अजून शाईनं लिहिलेलं नाही.